दंडाच्या पावतीऐवजी दोन तास मैदानावर

सोलापुरातल्या बहुतेक मोहल्ल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी हा मेसेज फिरतो: ‘आसरा चौक पे चेकिंग चालू है, अंदर से आना.’ लगेच कुणीतरी सात रस्त्याची खबर देतो, कुणी विजापूर वेशीची, कुणी अशोक चौकाची. पाच मिनिटांत शहराचा ताजा नकाशा तयार. माझा पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा आहे, आणि खरं सांगतो, इतकी जलद आणि फुकट चालणारी यंत्रणा मी कंपनीतही पाहिलेली नाही. दंडाने आपल्याला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी हा मेसेज दाखवीन. गल्लीतून जायला शिकवलं. समोर अचानक रिक्षा वळली तर गाडी कशी थांबवायची, हे पोलिसाच्या पावतीतून आजवर कुणी शिकलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं आधीच मांडतो. पहिल्यांदाच सापडलेल्या आणि कुणालाही इजा न केलेल्या दुचाकीस्वाराला दंडाऐवजी मैदानावरच्या प्रशिक्षणाचा पर्याय मिळायला हवा. आणि तो चौकातल्या साहेबांच्या मर्जीने नव्हे, नियमाने मिळायला हवा. या दुसऱ्या वाक्याचं महत्त्व आपल्यासारख्यांना जास्त आहे. त्याकडे पुढे येतोच.

आधी आकडे, कारण ते वाचल्याशिवाय हा विषय पाचशे रुपयांच्या कटकटीएवढाच वाटतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे रोज दोनशेच्या वर. हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण मेले. त्यात १४,३३७ जण मागे बसलेले होते, म्हणजे कुणाची तरी अम्मी, बायको, मित्र. हेल्मेटवरचे जगभरातले अभ्यास एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने काढलेला निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. ‘जो होना है वो होगा’ म्हणणाऱ्या आपल्या चाचांना एवढंच सांगावं की उंट आधी बांधायचा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा, ही शिकवण त्यांनीच आपल्याला लहानपणी दिली आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. हेल्मेट नसेल तर कलम १९४ डी खाली १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना बाद. ट्रिपल सीटला कलम १९४ सी, शिक्षा तीच. महाराष्ट्राने हे दर लगेच लागू केले नाहीत. तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला फेरविचाराचं पत्र लिहिलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याने नवे दर आणले, तेव्हा हेल्मेटची तडजोड रक्कम ५०० रुपये ठेवली. गुजरातने हेच २०१९ मध्येच केलं होतं. कायद्यातल्या रकमेपेक्षा राज्यांना खाली जाता येणार नाही, असं महान्यायवादींचं मत घेऊन केंद्राने २०२० च्या सुरुवातीला राज्यांना कळवलं होतं. तरी राज्यांनी आपापलं केलंच. हा तपशील मी मुद्दाम देतोय. ‘कायद्यात बसत नाही’ हे उत्तर आपल्याकडे फार लवकर मिळतं. पण सरकारच्या मनात आलं की कायद्यात पुष्कळ काही बसतं.

त्याच दुरुस्तीत आणखी दोन गोष्टी आल्या आणि त्यांची चर्चा जवळजवळ झालीच नाही. कलम २०० मध्ये, म्हणजे चौकात पैसे भरून प्रकरण मिटवण्याच्या कलमात, राज्य सरकारला सामाजिक सेवेची अट घालण्याचा अधिकार मिळाला. आणि कलम १९ मध्ये असं आलं की ज्याचा परवाना निलंबित झाला आहे त्याने चालकांसाठीचं उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय परवाना परत द्यायचा नाही. म्हणजे चूक करणाऱ्याला शिकवायला हवं, हे संसदेने मान्य केलेलं आहे. फक्त क्रम उलटा आहे. आधी तीन महिने गाडी बंद, मग शिकवणी. घरातला कमावता माणूस गाडीवर पार्सलं पोहोचवत असेल तर त्या तीन महिन्यांत घरात काय होतं, ते मी माझ्या मामेभावामुळे जवळून ओळखतो. त्याचा परवाना शाबूत आहे, पण त्याचं सगळं गणित त्या एका कार्डावर उभं आहे. पाचशेची पावती म्हणजे त्याची अर्ध्याहून जास्त दिवसाची कमाई. तीच पावती माझ्यासाठी एका शनिवारच्या हॉटेलच्या बिलापेक्षा कमी. एकाच चुकीसाठी एकाची चूल हलते आणि दुसऱ्याला आठवतही नाही, अशी शिक्षा दोघांनाही काही शिकवत नाही.

ई-चलानाची आणखी एक गंमत आहे. ते गाडीच्या नंबरवर जातं. एमएच १३ ची पाटी कॅमेऱ्यात आली की मेसेज गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला. गाडी अब्बांच्या नावावर, चालवणारा धाकटा, मेसेज अब्बांना. अब्बा घरी ओरडतात, पैसे भरत नाहीत, आणि राष्ट्रीय लोकअदालतीची वाट बघतात, कारण तिथे काहीतरी मिटेल असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ज्याने सिग्नल तोडला त्याच्यापर्यंत या सगळ्यातलं काय पोचलं? ओरडा. तो तर रोजचाच आहे.

मुळात आपण गाडी शिकतो कशी? मोठ्या भावाच्या किंवा मामूंच्या गाडीवर, रविवारी सकाळी, ईदगाहच्या नाहीतर शाळेच्या मैदानात. क्लच सोडताना गाडी बंद पडते, पोरं हसतात, तिसऱ्या दिवशी गाडी चालायला लागते, चौथ्या दिवशी कुणीतरी दूध आणायला पाठवतं. झालं शिक्षण. शिकाऊ परवान्याची परीक्षा जून २०२१ पासून महाराष्ट्रात घरी बसून ऑनलाइन देता येते. मग आरटीओत जाऊन आठचा आकडा काढायचा. आठ काढताना वेग पायी धावणाऱ्या माणसाइतकाच असतो. पाय टेकला नाही म्हणजे पास. या सगळ्या प्रवासात जोरात ब्रेक कसा लावायचा, हे कुणी एकदाही दाखवत नाही. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, म्हणून तो वापरायचाच नाही.

इथे जरा गणित करू. रात्रपाळी सुटल्यावर अक्कलकोट रोड एमआयडीसीकडून शहरात येणारा माणूस ताशी ६० च्या वेगाने येतोय असं धरा. बेफाम म्हणावा असा हा वेग नाही. ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. पुढे ऊसाची ट्रॉली आहे, मागे रिफ्लेक्टर नाही. हंगामात आपल्या जिल्ह्यात हे काही नवलाचं दृश्य नाही. ट्रॉली दिसली, मेंदूला कळलं, हात-पाय हलले, यात एक सेकंद गेला: १७ मीटर संपले. आता दोन्ही ब्रेक नीट, क्रमाने दाबत लावले तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण २८ मीटरमध्ये थांबावी. फक्त मागचा ब्रेक लावला तर त्याच गाडीला ४५ मीटरच्या आसपास लागतात. फरक १७-१८ मीटरचा, म्हणजे दीड एसटी बसच्या लांबीचा. ट्रॉलीच्या अलीकडे थांबणं आणि ट्रॉलीखाली जाणं यातलं हे अंतर आहे. ते हेल्मेटने कमी होत नाही, दंडाने तर नाहीच. ते फक्त हाताच्या सवयीने कमी होतं, आणि सवय मैदानावर दहा-पंधरा वेळा करूनच लागते. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून खरी पकड पुढच्या चाकाला असते. उलटतात ते हँडल वळलेलं असताना किंवा वाळूवर एकदम पुढचा ब्रेक आवळणारे. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना १२५ सीसीपर्यंत जोडब्रेक आणि त्यावर एबीएस सक्तीचं झालं, पण आपल्या गल्लीतल्या किती गाड्या त्याच्या आधीच्या आहेत ते एकदा मोजून बघा.

दंडाऐवजी शिकवणी हा प्रयोग आपल्या राज्यात झालेला आहे. २०२१ मध्ये नाशिकचे तेव्हाचे पोलीस आयुक्त दीपक पांडे यांनी १५ ऑगस्टपासून ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ सुरू केलं. (हे नाव आपल्या वाचकांना दुसऱ्या कारणाने आठवेल: एप्रिल २०२२ च्या भोंग्यांच्या वादात, अजानच्या आधी आणि नंतर पंधरा मिनिटं मशिदीच्या शंभर मीटरच्या आत हनुमान चालिसा लावायला बंदी घालणारा आदेश त्यांचाच.) पेट्रोल पंपावर व्हायचं ते झालं. लोक रांगेत एकमेकांचं हेल्मेट घालून पेट्रोल भरू लागले. मग सप्टेंबरमध्ये त्यांनी दुसरा टप्पा आणला. हेल्मेट नसलेला सापडला की दंड नाही. त्याला ‘नाशिक फर्स्ट’ या संस्थेच्या वाहतूक शिक्षण उद्यानात न्यायचं आणि दोन तास समुपदेशन करायचं. पुढे काही महिन्यांत दंडाची पावती परत आली, आणि एप्रिल २०२२ मध्ये पांडे यांची बदलीही झाली.

नाशिकच्या या प्रयोगातून मला दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. एक, दोन तास जाणं ही लोकांना पाचशे रुपयांपेक्षा मोठी शिक्षा वाटू शकते, आणि ती श्रीमंत-गरीब दोघांनाही जवळपास सारखी लागते. कारवाल्या साहेबांचा मुलगाही बुलेट बाजूला लावून दोन तास बसतो. दोन, ते समुपदेशन होतं. खुर्चीवर बसून अपघाताची चित्रं बघायची. त्याने माणूस हादरतो, पण त्याच्या हाताला ब्रेक लावता येत नाही. शिवाय संपूर्ण योजना एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभी होती. अशा योजना अधिकाऱ्याबरोबर येतात आणि त्याच्या सामानाबरोबर जातात.

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट उत्साहावर न ठेवता नियमात बसवलेली आहे. तिथे वेगमर्यादा थोडीशी ओलांडली की पोलीस पत्र पाठवतात: दंड आणि परवान्यावर गुण घ्या, किंवा स्वतःच्या खर्चाने वर्गाला बसा. तीन वर्षांत एकदाच ही सवलत मिळते. मोटरसायकलवाल्यांसाठी वेगळा वर्ग आहे. २०१८ मध्ये तिथल्या परिवहन खात्यासाठी इप्सॉस मोरी या संस्थेने दहा लाखांहून जास्त चालकांच्या नोंदी तपासल्या. वर्गाला बसलेले लोक पुन्हा वेगात सापडण्याचं प्रमाण, दंड आणि गुण घेतलेल्यांपेक्षा कमी निघालं.

पण इथेच थांबून टाळ्या वाजवणं बरोबर नाही. त्याच अभ्यासात अपघात कमी झाले असं ठामपणे दाखवता आलं नाही. आणि मोटरसायकल प्रशिक्षणावरचे जगभरातले अभ्यास २०१० मध्ये कॉक्रेननेच तपासले, तेव्हा प्रशिक्षणाने अपघात घटतात की नाही हे सांगण्याइतके चांगले अभ्यासच सापडले नाहीत. प्रशिक्षणाचे समर्थक हे सहसा सांगत नाहीत. मला ते सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडे कुठलाही उपक्रम फीत कापली की यशस्वी ठरतो. काही प्रशिक्षणांत तर उलटंही होऊ शकतं. पोराला वाटतं आता आपण पट्टीचे चालक झालो, आणि तो आणखी जोरात पळवतो.

म्हणून माझी मागणी ‘प्रशिक्षण सुरू करा’ एवढीच नाही. ते सुरू करा आणि मोजा. सॉफ्टवेअरवाल्यांना बटणाचा रंग बदलायचा असला तरी आम्ही आधी अर्ध्या लोकांना निळं आणि अर्ध्यांना हिरवं दाखवून बघतो. इथे प्रश्न जिवाचा आहे. ई-चलानाच्या यंत्रणेत कोणाला कितव्यांदा पावती गेली हे असतंच. पहिल्या सहा महिन्यांत, पहिल्यांदा सापडलेल्यांपैकी चिठ्ठी टाकून निम्म्यांना प्रशिक्षणाचा पर्याय द्या, बाकीच्यांना नेहमीचा दंड. वर्षाने बघा, पुन्हा कोण जास्त सापडलं. फरक नसेल तर बंद करा. सोलापूरसारखं मध्यम शहर यासाठी पुण्या-मुंबईपेक्षा सोयीचं आहे. एक पोलीस आयुक्तालय, एक आरटीओ, आणि बहुतेक गाड्या इथल्याच. पावती गाडीच्या नंबरवर जात असली तरी प्रशिक्षणाला येणाऱ्याने स्वतःचा परवाना दाखवायचा आणि नोंद परवान्यावर करायची. म्हणजे अब्बांच्या ऐवजी धाकटाच येईल.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येतो: मर्जी नको, नियम हवा. आपल्याला जास्त अडवतात, ही भावना मोहल्ल्यात घट्ट आहे. दाढी दिसली, टोपी दिसली, की शिट्टी वाजते, असं पोरं म्हणतात. ही भावना खरी की खोटी हे चौकात उभं राहून ठरवता येत नाही, कारण ज्याला हात दाखवून सोडून दिलं त्याची पावती फाटत नसते. अशा ठिकाणी ‘दंड की प्रशिक्षण’ हे ठरवण्याचा अधिकार समोरच्या शिपायाला दिला, तर काय होईल ते उघड आहे. ओळखीच्या पोराला ‘जा बाळा, वर्गाला बस’, आणि अनोळखी नावाच्या पोराला पावती. शिपाई वाईट असतो म्हणून नव्हे. माणसाच्या हातात सूट दिली की ती आधी ओळखीच्यांना जाते, म्हणून. हा पर्याय यंत्रणेनेच द्यायला हवा. पहिला गुन्हा आहे, ठरलेल्या कलमांतला आहे, की मोबाइलवर आपोआप मेसेज: इतक्या दिवसांत तारीख निवडा, किंवा दंड भरा. नाव, आडनाव, पेठ काहीही न बघता. भेदभावाविरुद्ध लढायला मोर्चे लागतात हे खरं, पण पुष्कळदा एक नीट लिहिलेला नियमही लागतो, आणि तो मागण्याची आपल्याला सवय कमी आहे.

त्याच्याबरोबर माहितीची अट. प्रशिक्षणाच्या नोंदीत परवाना क्रमांक, तारीख आणि पूर्ण केलं की नाही, एवढंच असावं. ठरावीक मुदतीनंतर तेही पुसावं. रजिस्टरमध्ये पत्ता, धर्म, फोटो, ‘कुणाचा मुलगा’ हे रकाने नकोत. आणि वर्गाला आलेल्यांना ओळीने उभं करून त्यांचे फोटो सोशल मीडियावर टाकण्याची हौस तर अजिबात नको. शिकायला आलेल्या माणसाला आरोपीसारखं दाखवलं की पुढचा शिकायला येत नाही, गल्लीतूनच जातो. पोलीस आणि आपली पोरं यांची गाठ एरवी दोनच ठिकाणी पडते, नाकाबंदीला आणि बंदोबस्ताला. तिसरी एखादी जागा मिळाली, जिथे वाहतूक शाखेचा हवालदार ‘कोपर सैल सोड रे, मनगट ताठ नको’ असं सांगतोय, तर दोघांनाही एकमेकांचा चेहरा जरा वेगळा दिसेल. यातून मोठा सलोखा वगैरे होईल असं मी म्हणत नाही. दोन तासांत होईल तेवढं.

हा पर्याय कुणाला नको, तेही सांगायला हवं. दारू पिऊन चालवणाऱ्याला नको. कुणाला धडक देऊन पळालेल्याला नको. शब-ए-बरातच्या रात्री इबादत सोडून चाक उचलत फिरणाऱ्यांनाही नको. त्यांच्यासाठी मुंबई-दिल्लीत दरवर्षी पोलिसांना सूचना काढाव्या लागतात आणि मौलानांना हात जोडावे लागतात, आणि नाव मात्र सगळ्या कौमचं जातं. त्यांना मैदान दिलं तर ते खूशच होतील! आणि अठरा वर्षांखालच्यांना तर हा पर्याय लागूच नाही. तिथे प्रश्न पोराचा नसून घराचा आहे. कलम १९९ अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ट्यूशनला उशीर होतो म्हणून नववीतल्या मुलाच्या हातात स्कूटीची किल्ली ठेवणाऱ्या किती घरांना हे माहीत आहे?

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण रस्ता सुरक्षेच्या भाषणात त्या फक्त मागच्या सीटवर असतात. आता नई जिंदगीपासून कुमठा नाक्यापर्यंत बुरखा-अबाया घालून स्कूटी चालवणाऱ्या मुली सर्रास दिसतात, कॉलेजला जातात, दवाखान्यात नोकरीला जातात. त्यांना शिकवलं कुणी? बहुधा भावाने, दोन दिवसांत, चिडचिड करत. ओढणी किंवा अबायाचा घेर चाकात अडकून होणारे अपघात साधे नसतात. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकणारं आवरण, धरायला दांडी आणि पाय ठेवायची सोय असायलाच हवी, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ सांगतो. आपण ते आवरण गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून काढून टाकतो. प्रशिक्षणात कपडा कसा आवरायचा, खाली पिन कुठे लावायची, हेल्मेटच्या आत हिजाबची गाठ कुठे ठेवायची, हे बाईनेच शिकवायला हवं. वाहतूक शाखेत महिला पोलीस आहेतच.

एक आक्षेप मला रास्त वाटतो. मित्र म्हणाला, चौघं एका गाडीवर बसतात ते हौसेने नव्हे. महापालिकेच्या परिवहनची बस आठवड्यातून एकदा दिसते तेव्हा लोक तिला सलाम करतात. नवरा, बायको, दोन लेकरं, आणि लग्नाला विजापूर वेशीला जायचंय. त्यांना प्रशिक्षण देऊन काय करणार, तिसरं चाक? हे खरं आहे. सिटी बस गेल्या काही वर्षांत रोडावत गेली, शहरातून जाणाऱ्या जड वाहनांचा प्रश्न वर्षानुवर्षं तसाच आहे, आणि उड्डाणपुलांच्या चर्चेत माझी पिढी म्हातारी होत चालली आहे. चालकाला शिकवलं म्हणून या गोष्टींतून प्रशासनाची सुटका होत नाही. पण बस येईपर्यंत माणूस गाडीवरच जाणार आहे, आणि आज संध्याकाळीच जाणार आहे.

पैशाचं काय, हा दुसरा आक्षेप. ब्रिटनसारखं शुल्क घ्यावं, पण ते दंडाच्या निम्म्याहून कमी असावं. आणि वेळ कामगाराच्या सोयीची असावी. कारखान्यातल्या माणसाला मंगळवारी अकरा वाजता बोलावलं तर त्याची दिवसाची मजुरी बुडते, म्हणजे पुन्हा दंडच झाला. यंत्रमाग कामगार, बिडी कारखान्यात जाणाऱ्या बायका, पार्सलवाली पोरं यांना विचारून वेळ ठरवावी.

हे मागायचं कुणाकडे? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. पोलीस, आरटीओ, बांधकाम खातं सगळे तिथे एका टेबलावर बसतात. राज्याने कलम २०० खालच्या अधिसूचनेत, प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यासाठी तडजोड रक्कम वेगळी ठरवावी, अशी शिफारस ही समिती करू शकते. निवेदनात दोनच मागण्या असाव्यात: पर्याय आपोआप मिळावा, आणि निकाल मोजून जाहीर करावा. दहा मागण्यांचं निवेदन आणि एक हार, असा आपला रिवाज आहे. त्याने फक्त फोटो चांगला येतो.

मंजुरी येईपर्यंत मैदानं मोकळीच आहेत. शाळांची, ईदगाहची, रविवारी सकाळी. मशिदीच्या जमातीने किंवा शाळेच्या ट्रस्टने नुसती परवानगी दिली तरी पुरे. वीस बाटल्यांत वाळू भरून त्या शंकूसारख्या मांडायच्या, चुन्याने एक रेघ मारायची, ताशी तीसच्या वेगाने यायचं आणि रेघेवर दोन्ही ब्रेक लावायचे. किती मीटरवर गाडी थांबली ते टेपने मोजायचं, वहीत लिहायचं, पुन्हा दहा वेळा करायचं. हेल्मेट सक्तीचं, नसेल तर मैदानाच्या कडेला बसून टेप धरायची. सकाळी सात ते नऊ ही वेळ बरी, कारण नऊनंतर क्रिकेटवाले मैदान सोडत नाहीत.